बीटा चेन आधी, अल्फा नंतर… मग मधल्या काळात टी सेल कशावर चालतो?

गंगापूररोडकर:
मंडळी परवा इम्युनोलॉजीची इंटर्नल आहे आणि मी थायमसवर (टी सेल तयार होतात तो अवयव) अडकलोय. टी सेलच्या रिसेप्टरच्या (टीसीआर) दोन चेन, त्यात बीटाचं रिअरेंजमेंट (जीनचे तुकडे कापून जोडणं) आधी होतं आणि अल्फाचं नंतर, मग मधे रिसेप्टर अर्धाच की, तरी सेल पुढच्या स्टेजला जातो कसा? सर म्हणाले 'प्री-टीसीआर असतो' आणि पुढची स्लाइड. कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्स इतक्या फिकट आल्यात की आकृतीत अल्फा कुठली बीटा कुठली तेच दिसत नाही. आणि दोघींच्या सेलच्या आतल्या शेपट्या एवढुशा, त्यांच्याने सिग्नल काय जाणार?

म्हसरूळची_ताई:
शेपटीपासून सुरू कर. सिग्नल देतात रिसेप्टरसोबतची सीडी३ आणि झीटा ही प्रोटीन्स, त्यांच्यावर सगळे मिळून १० आयटॅम (सिग्नल पुढे नेणारे छोटे भाग). अल्फाचा जो भाग मेंब्रेनमधे असतो तिथे लायसिन-आर्जिनिन ही अमिनो ॲसिड्स म्हणजे पॉझिटिव्ह चार्ज, सीडी३-झीटाकडे निगेटिव्ह, त्यावरच सगळं कॉम्प्लेक्स जुळतं. प्री-टीसीआरमधे अल्फाऐवजी प्री-टी-अल्फा नावाची चेन असते, तिच्याकडेही तसेच पॉझिटिव्ह चार्ज आहेत म्हणून ती अल्फाच्या जागी बसून सीडी३ला धरते. बाहेर मात्र तिचं एकच डोमेन, व्हेरिएबल (सेलगणिक बदलणारा) भागच नाही. सेलला तेव्हा एवढंच बघायचं असतं की बीटा नीट बनलीये का.

आणि बीटा आधी का, तर माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. बीटा पास झाली की सेल भराभर डिव्हाइड होतो आणि प्रत्येक पिल्लू आपली वेगळी अल्फा बनवतं, म्हणजे एका चांगल्या बीटावर ढीगभर अल्फा ट्राय होतात. चेनची जीन व्ही, डी, जे अशा सेगमेंट्समधून जुळते, पण अल्फात डी सेगमेंट नाही, त्यामुळे पहिली जोडी जमली नाही तर मागची व्ही आणि पुढची जे घेऊन परत रिअरेंजमेंट करता येतं, पॉझिटिव्ह सिलेक्शन (रिसेप्टर कामाचा ठरून सेल जगणं) होईपर्यंत किंवा सेल मरेपर्यंत.

पोस्टडॉक_सध्या_घरी:
ताईंचं बरोबर, फक्त 'प्री-टीसीआरला लिगंड (रिसेप्टरला चिकटणारा रेणू) लागतच नाही' असं पेपरात ठोकून लिहू नकोस. त्याच्या उघड्या व्ही-बीटाला (बीटाच्या व्हेरिएबल भागाला) पेप्टाइड-एमएचसी (प्रोटीनचा तुकडा धरून दाखवणारा रेणू) चिकटतं असं काही लॅब्सनी दाखवलंय, वाद चालू आहे.

स्ट्रक्चरचं भारी उदाहरण हवं तर अल्फाच्या कॉन्स्टंट डोमेन आणि मेंब्रेनच्या मधला कनेक्टिंग पेप्टाइड घे. उंदरांत त्यातला ठरावीक मोटिफ बदलला तर रिसेप्टर पृष्ठभागावर येतो, लिगंडही धरतो, निगेटिव्ह सिलेक्शनही (स्वतःच्याच शरीरावर उलटणारे सेल काढणं) होतं, पण पॉझिटिव्ह सिलेक्शन बोंबलतं. म्हणजे सीडीआर३ने (व्हेरिएबल भागातला पेप्टाइडला भिडणारा लूप) पेप्टाइड ओळखलं म्हणून काम झालं असं नाही, ती ओळख सीडी३पर्यंत कशी पोचते त्यावरही सेलचं पुढचं ठरतं.

गंगापूररोडकर:
आत्ता कुठे डोक्यात शिरलं, थँक्यू ताई. मग गॅमा-डेल्टावाल्यांना (अल्फा-बीटाऐवजी गॅमा-डेल्टा चेन असलेले टी सेल) पण प्री-टी-अल्फा लागते का?

म्हसरूळची_ताई:
नाही. प्री-टी-अल्फा नसलेल्या उंदरांत गॅमा-डेल्टा सेल बनतातच, अल्फा-बीटावाले मात्र अगदी कमी. आणि डेल्टाची जीन अल्फाच्या लोकसच्या (क्रोमोसोमवरच्या जागेच्या) पोटातच असते, अल्फाचं रिअरेंजमेंट झालं की ती कापूनच जाते, हे व्हायवाला हमखास विचारतात.