मदत हवी आहे : कंट्रोलरची बॅटरी फुगली. नवा घेताना आतल्या बॅटरीचा घ्यावा की पेन्सिल सेलवाला?

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. आधी शोधून पाहिलं, या विषयावर धागा सापडला नाही. असेल तर दुवा द्या, हा बंद करतो.

आमच्याकडे हॉलमधल्या टीव्हीला पीसी जोडलेला आहे. त्यावर खेळायला २०२१ च्या दिवाळीत एका नामांकित कंपनीचा वायरलेस कंट्रोलर घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद "अमक्याचाच का घेतलात" यावर जातील. आत कायमची बॅटरी, टाइप-सी चार्जिंग. सुरुवातीला सात-आठ तास आरामात चालायचा. आता फुल चार्ज दाखवतो आणि फुटबॉलची एक मॅच संपायच्या आत मान टाकतो. गेल्या आठवड्यात बघितलं तर मागचं झाकण एका बाजूने उचललं गेलंय. फटीत नख जातं.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "बॅटरी सुटी येत नाही सर, नवीनच घ्या." एम.जी. रोडला एका दुकानात दाखवला. तो म्हणाला सातशे रुपये, अर्ध्या तासात बदलून देतो, बॅटरी "ओरिजिनलसारखी". ते "सारखी" ऐकून परत आलो.

तर विचारायचं असं की हा कंट्रोलर वायर लावून तरी वापरता येईल का? आणि नवा घ्यायचा तर आतल्या बॅटरीचा की सेलवाला? बजेट सहा हजार. मुलगी अकरावीला, धाकटा सहावीला. खेळणं मुख्यतः शनिवार-रविवार. रात्री सगळे झोपले की अर्धा-पाऊण तास मी.

माझा कल सेलवाल्याकडे आहे, पण आईचा सक्त विरोध. पुतण्याकडे तसला आहे. तो राहायला आला की भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढून कंट्रोलरमध्ये घालतो आणि आमच्या घरात दुपारी चारपर्यंत सकाळचे साडेनऊच वाजलेले असतात.

सोल्डरवाला

दादा, नव्याचं नंतर बघू. फुगली म्हणजे आत वायू झालाय. आजपासून चार्जिंगला लावू नका. वायर लावून खेळणंही नको, कारण वायर लावली की चार्जिंग सुरू होतंच. झाकण दाबून बसवायचा मोह आवरा. पाऊच (बॅटरीचं बाहेरचं पाकीट) फाटली आणि आतले थर एकमेकांना टेकले तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. कंट्रोलर सोफ्यावर, गादीखाली, कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. गॅलरीतल्या फरशीवर, सावलीत, पोरांच्या हाताबाहेर ठेवा.

एक विचारू का? मध्ये बराच काळ तो नुसता पडून होता का?

रात्रपाळी

वायरवाला घ्या, विषय संपवा. दोन हजारांत चांगला येतो. ना बॅटरी, ना सेल, ना धागा.

इंदिरानगरकर

@रात्रपाळी, हॉलमधून देवघराकडे जायची वाट टीव्हीसमोरूनच आहे. आई दिवसातून वीस वेळा जाते. वायर नको.

@सोल्डरवाला, पडून होता. मुलीचं दहावीचं वर्ष होतं. जूनमध्ये कंट्रोलर बांधून माळ्यावर टाकला तो पुढच्या एप्रिलमध्ये, सगळे पेपर झाल्यावरच काढला. टाकताना चार्जिंग किती होतं आठवत नाही. बहुतेक संपलेलंच असणार, कारण खेळता खेळता हातातून काढून घेतला होता.

सोल्डरवाला

झालं तर मग. बॅटरी कंपनीने नाही, दहावीने घालवली.

लिथियमची बॅटरी पूर्ण उतरवून ठेवली की ती हळूहळू आणखी उतरत राहते. फार खाली गेली की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यापासून तांबं सुटायला लागतं. मग पुन्हा चार्ज केलं तरी ती पहिल्यासारखी होत नाही, आणि गॅस धरायला सुरुवात होते. त्यात तुमचा माळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला जातो, स्लॅबखाली त्याहून जास्त. उष्णता हा या बॅटरीचा दुसरा शत्रू. ठेवायचीच असेल तर निम्मी चार्ज करून, गार जागी, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायची.

सातशे रुपयांच्या दुरुस्तीबद्दल : काम अवघड नाही. सोनीचे ड्युअलशॉक ४ (पीएस ४ चा कंट्रोलर) आणि ड्युअलसेन्स (पीएस ५ चा) मी स्वतः उघडले आहेत. दोन्हींत चार-चार स्क्रू, बॅटरी प्लगने जोडलेली, डाग द्यावा लागत नाही. ड्युअलसेन्सचे दोन स्क्रू खालच्या काळ्या पट्टीमागे आणि दोन वरच्या एल-१, आर-१ बटणांखाली लपवलेत, ती बटणं हलक्या हाताने उचकटावी लागतात. ड्युअलशॉक ४ मध्ये दोन भागांना जोडणारी पातळ रिबन असते, झाकण झटक्यात ओढलं की तीच तुटते. भीती कामाची नाही, त्या "सारखी"ची आहे. ड्युअलशॉक ४ ची मूळ बॅटरी १००० एमएएचची. बाजारात त्याच आकाराच्या पाकिटावर "२०००" छापून विकतात. तेवढ्याच डब्यात दुप्पट पोळ्या बसत नसतात. शिवाय फुगलेली बॅटरी काढताना खाली स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायची नाही. ते काम दुकानदार कसं करतो हे समोर उभं राहून बघा, नाहीतर देऊ नका.

निफाडची_थंडी

इंदिरानगरकर दादा, नव्याबद्दल माझं मत. माझ्याकडे दोन्ही जातीचे आहेत.

मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० च्या वायरलेस कंट्रोलरपासून, म्हणजे २००५ पासून, दोन पेन्सिल सेलची पद्धत धरून ठेवली आहे. २०२० मधल्या सिरीज एक्स आणि एसच्या कंट्रोलरला टाइप-सी पोर्ट आलं तरी सेलचा खण तसाच राहिला. हवा तर त्याच खणात त्यांचा चार्ज होणारा पॅक बसतो. महागड्या एलिट सिरीज २ मध्ये मात्र त्यांनीच बॅटरी आत बंद केली. सोनी पीएस ३ पासून आतच घालते. निन्टेन्डोच्या वी रिमोटला दोन पेन्सिल सेल लागायचे, पण स्विच प्रो कंट्रोलरला आत १३०० एमएएचची बॅटरी आहे. गंमत म्हणजे ती त्यांच्या थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलमध्ये होती तीच. म्हणजे "आत" म्हटलं तरी किती आत, ते प्रत्येकाचं वेगळं.

आता तासांचं. ड्युअलसेन्समध्ये १५६० एमएएच, ३.६५ व्होल्ट, म्हणजे विजेचा एकूण साठा साधारण ५.७ वॉट-तास. चार्ज होणारे चांगले पेन्सिल सेल २००० एमएएच, १.२ व्होल्ट, दोन मिळून ४.८ वॉट-तास. (नुसते एमएएच शेजारी ठेवून तुलना करणाऱ्या जाहिराती वाचू नका, व्होल्ट वेगळे असले की तो हिशेब फसतो.) सेलवाल्यात साठा कमी, तरी कंपनी एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला ४० तासांपर्यंत सांगते. माझा तीसच्या आसपास चालतो. ड्युअलसेन्स मला सात-आठ तासांच्या पुढे कधी गेला नाही. फरक बॅटरीत नाही, खर्चात आहे. त्याची थरथर बारकाईची, ट्रिगर मोटरने घट्ट होतात, दिवा आहे, स्पीकर आहे. खाणारी तोंडं जास्त.

तुमच्याकडे खेळणं शनिवार-रविवारचं आणि मध्ये लांब सुट्ट्या. मी सेलवालाच सांगेन. पुढच्या दहावीला सेल काढून ठेवा की झालं. (धाकट्याची चार-पाच वर्षांत येतेच आहे.)

गोदाकाठ

ताईंशी निम्मा सहमत. सेलवाले लोक एक गोष्ट सांगत नाहीत : सेल आत विसरला तर तोही घर जाळतो. आग नाही लावत, पण गळतो. आमच्या पंचवटीतल्या घरी पावसाळ्यात रिमोट, टॉर्च, मुलाचा कंट्रोलर, सगळ्यांच्या स्प्रिंगांवर पांढरं-हिरवं बुरशीसारखं चढलं होतं. स्वस्तातले झिंक-कार्बनचे सेल तर हमखास गळतात, कारण त्यांचं बाहेरचं जस्ताचं भांडंच वापरात झिजत जातं. अल्कलाइन त्यामानाने बरे, पण गळत नाहीत असं नाही.

पंचवटी_एक्सप्रेस

गोदाकाठ काका, ते पांढरं अल्कलाइनचं असेल तर कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग कोरडं करा. आमच्या दोन रिमोटांना जीवदान मिळालंय.

मूळ प्रश्नावर : आतल्या बॅटरीची एक बाजू कोणी मांडलीच नाही. माझ्या दोन्ही पोरी खेळून झालं की पॅड चार्जिंगला लावतात, फोनसारखं, आपसूक. सेलवाल्यात "चार्जिंगला लावलेले सेल कुठे गेले" हा रोजचा तमाशा होतो. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये सेल का ठेवले असं विचारल्यावर उत्तर दिलं होतं की याबाबत खेळणाऱ्यांत सरळ दोन तट आहेत, म्हणून दोन्हींची सोय ठेवली. ते खरंच आहे. घर कोणतं, त्यावर अवलंबून.

इंदिरानगरकर

सगळ्यांचे आभार. कंट्रोलर गॅलरीत हलवलाय. आईने विचारलं बाहेर का ठेवला, तर धाकटा म्हणाला "त्याला गॅस झालाय". आता ती त्याला ओव्याचं पाणी पाजायला निघालीय.

सेलवाला घ्यायचं नक्की केलं. सेल कोणते घेऊ? एका दुकानात "३३०० एमएएच" लिहिलेले चार सेल दोनशे रुपयांत दाखवले.

निफाडची_थंडी

ते दोनशेवाले राहू द्या. पेन्सिल आकाराच्या चार्ज होणाऱ्या (निकेल-मेटल-हायड्राइड) सेलमध्ये २०००-२५०० हा खरा आकडा. पाकिटावर "लो सेल्फ-डिस्चार्ज" लिहिलंय का बघा. असे सेल नुसते पडून फारसे उतरत नाहीत. जुन्या प्रकारचे महिनाभरात बरेच उतरायचे, त्यामुळेच चार्जिंगच्या सेलांचं नाव बदनाम झालं. या नव्या प्रकारातले एनेलूप सान्योने २००५ मध्ये आणले, आता पॅनासोनिकचे म्हणून मिळतात. मी वापरते तेच, सहावं वर्ष आहे. चार सेल आणि चार्जर मिळून दोनेक हजार जातात, पण एकदाच.

चार्जर घेताना प्रत्येक खणाला वेगळा दिवा असलेला घ्या. जोडीजोडीने भरणाऱ्या स्वस्त चार्जरमध्ये एक सेल जास्त तापतो आणि दुसरा अर्धपोटी राहतो. मार्करने जोड्यांवर अ-अ, ब-ब लिहून ठेवा. जोडी मोडायची नाही, जुना-नवा एकत्र घालायचा नाही.

आणि घाबरू नका : हे सेल १.२ व्होल्टचे, अल्कलाइन १.५ चे. काही कंट्रोलर त्यामुळे फुल चार्ज असतानाही चार्जिंगची पट्टी कमी दाखवतात. तास कमी होत नाहीत.

सोल्डरवाला

त्यात भर : हल्ली टाइप-सीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल मिळतात. कंट्रोलरला चालतात, पण आतलं सर्किट शेवटपर्यंत १.५ देत राहतं आणि मग एकदम तोडतं. पट्टी फुल दाखवते आणि ऐन पेनल्टीला पॅड बंद. त्यांना साध्या चार्जरमध्येही घालायचं नाही.

आणि एक्सबॉक्सचा असेल तर सेल न घालता नुसत्या वायरवरही चालतो. सेल चार्जिंगला असताना कामाला येतं.

रात्रपाळी

म्हणजे शेवटी वायरच.

गोदाकाठ

😀 फुगलेल्याचं काय करणार पण? घंटागाडीत टाकू नका. ओला-सुका वेगळा करून दिला तरी गाडीत कचरा दाबला जातो आणि अशी बॅटरी दाबली की पेटते. आपल्याकडे बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम २०२२ पासून आहेत आणि वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. सर्व्हिस सेंटरला "नवीन घ्या" म्हणता येतं, तर जुनी घ्यायलाही सांगा. युरोपात तर फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढून बदलता यावी असा नियम लागू होतोय. तिकडच्यासाठी बनवलेलं झाकण आपल्याकडे आलं तर बरं.

इंदिरानगरकर

अपडेट. कालच कॉलेज रोडवरून एक्सबॉक्सचा घेतला, सेल आणि चार्जर ऑनलाइन मागवले. बजेट थोडं ओलांडलं, ते घरी सांगितलेलं नाही. जुना कंट्रोलर घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. आधी नाही म्हणाले, नियमाचं बोलल्यावर आतून एक साहेब आले आणि ठेवून घेतला. पावती मात्र दिली नाही.

खोक्यासोबत आलेले दोन साधे सेल संपेपर्यंत पोरं खेळली. ते मी टाकणार होतो, आईने उचलून घड्याळात घातले. घड्याळ चालू आहे. हे कसं?

सोल्डरवाला

घड्याळाला लागणारी वीज कंट्रोलरच्या मानाने नगण्य. कंट्रोलरला निरुपयोगी झालेला सेल घड्याळाला पुढे कितीतरी महिने पुरतो. गळतोय का तेवढं मधूनमधून बघा. काकूंना सांगा, आता पुतण्याला येऊ द्या खुशाल, त्याच्या काही उपयोगाचे नाहीत ते.

इंदिरानगरकर

सांगितलं. ती म्हणाली, चार्जिंगचेही दोन तिच्या कपाटात ठेवून दे.

अजून एक शंका. नवे सेल फुल चार्ज करून घातले, तरी पट्टी निम्मीच दाखवतोय. पीस खराब आलाय का?

निफाडची_थंडी

दादा, वर लिहिलंय. १.२.