मदत हवी आहे: ट्रॅक्टर १५ मिनिटांत बंद पडतो

नांगरजोड: तीन दिवस झाले, डोकं उठलंय. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होतो, १५-२० मिनिटं झकास चालतो, मग दम सोडतो, आवाज खालीवर होतो आणि बंद. अर्धा तास थांबलं की परत चालू, जणू काही झालंच नाही. डिझेल फिल्टर नवीन टाकला, पाइपातली हवा काढली. फरक शून्य. नांगरट अर्धी पडून आहे, लवकर सांगा.

काळाधूर: कुठला ट्रॅक्टर? इंजिन कुठलं?

कॉइलबाबा: डोळे झाकून कॉइल बदला. गरम झाली की आतली तार सुटते, गार झाली की परत जुळते. बंद पडल्या पडल्या प्लगची ठिणगी बघा, नसेल तर तीच. कंडेन्सरही सोबत बदला. मी एका जुन्या गाडीचा कार्बोरेटर सहा वेळा उघडला होता, निघाला कंडेन्सर.

नांगरजोड: अहो डिझेल आहे! कॉइल कुठून आणू? मॅसी फर्ग्युसन ३५, तीन सिलिंडर.

कॉइलबाबा: मग ते आधी लिहायचं ना राव. ३५ पेट्रोलवरही यायचा. मला काय स्वप्न पडणार होतं?

काळाधूर: तीन सिलिंडर म्हणजे पर्किन्सचं इंजिन. आधीच्या ३५ ला स्टँडर्डचं चार सिलिंडर डिझेल इंजिन होतं, गारठ्यात ते उठवताना घाम फुटायचा. १९५९ पासून पर्किन्स आलं. आता धुराचं सांगा. बंद पडल्यावर लगेच सेल्फ मारला तर धूर येतो का?

नांगरजोड: काहीच नाही. नुसता फिरतो.

बेंचटेस्ट: नोझलला दाबाने डिझेल देणारा डीपीए पंप उतरवा, टेस्ट बेंचवर लावून घ्या, तिन्ही नोझल तपासा. जुन्या इंजिनात अर्धवट काम करू नये.

काळाधूर: सेल्फ मारताना धूरच नाही म्हणजे नोझलपर्यंत डिझेल पोचत नाहीये. आणि सकाळी एका सेल्फमध्ये उठणाऱ्या इंजिनाच्या नोझलच्या मागे का लागताय?

बेंचटेस्ट: डीपीए पंप झिजला की गरम झाल्यावर रडतोच. डिझेल पातळ होतं, आतल्या आत गळतं, दाब तयार होत नाही. पंपावर गार पाण्याचं फडकं टाकून बघा, उठला तर पंप गेला समजा.

काळाधूर: मान्य, पण तो गरम असताना *चालू* होत नाही. चालता चालता दम सोडून बंद पडत नाही. दोन वेगळी दुखणी आहेत.

जीपवाला: माझ्या जुन्या पेट्रोल जीपला हेच व्हायचं. पाइपमध्ये पेट्रोलची वाफ धरायची. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या फीड पंपावर ओलं फडकं बांधलं की घाट चढायची. बाकी त्या गाड्यांचं इंजिन उघडलं की आत हात घालायला जागा असायची. आताच्या गाडीत बल्ब बदलायला बंपर सोडावा लागतो.

नांगरजोड: काका, जीप नंतर. फडकं टाकून बघितलं, नाही उठला.

गंजलेला_पाना: पुढच्या वेळी बंद पडला की फिल्टरकडे येणारा पाइप ढिला करा आणि फीड पंपाची दांडी हाताने हलवा. दांडी अगदीच पोकळ लागली तर इंजिन एक फेरा फिरवून परत बघा, पंप हलवणारा इंजिनातला कॅम वर असला की तिला मारच मिळत नाही. डिझेल आलं नाही तर लोच्या टाकीकडून. आणि टाकीचं झाकण मूळचंच आहे ना?

नांगरजोड: झाकणाचा काय संबंध? मूळचंच आहे. त्याच्या बारीक भोकातून डिझेल उडून बॉनेटवर ओघळायचं, म्हणून गेल्या आठवड्यात खालून ट्यूबचं रबर कापून बसवलं आणि भोक एपॉक्सीने बुजवलं. आता थेंब सांडत नाही.

काळाधूर: 🙏🙏

गंजलेला_पाना: साहेब, ते भोक हवेसाठी असतं. डिझेल कमी होईल तशी त्याच्या जागी हवा आत यायला हवी. तुम्ही वाट बंद केलीत, टाकीत निर्वात तयार होतो आणि फीड पंप ओढून ओढून थकतो. उभा राहिला की कुठूनतरी हवा झिरपते, म्हणून अर्ध्या तासाने उठतो. बंद पडला की झाकण सोडा, फुस्स आवाज येतो का बघा.

बेंचटेस्ट: तरी पंप एकदा दाखवून घ्याच. डीपीएला वंगण डिझेलचंच असतं. तीन दिवस उपाशी फिरवलाय.

काळाधूर: हे मात्र बरोबर बोललात.

नांगरजोड: आलो. झाकण सोडताना चांगला मोठा फुस्स झाला. सुईने भोक मोकळं केलं, रबर काढलं, सगळी हवा परत काढली, दोन तास सलग नांगरलं. पानावाले, तुमचे पाय कुठे आहेत? आता फक्त एक. फिल्टरच्या भांड्याखालून थेंब थेंब डिझेल गळतंय. बोल्ट अजून आवळू का?

गंजलेला_पाना: थांबा! आवळू नका, भांडं चिरेल. नवीन फिल्टरसोबत रबरी रिंगा आल्या होत्या, त्या सगळ्या बदलल्या ना?

नांगरजोड: कुठल्या रिंगा?