उत्तर: टोरवर वीजबिल भरायचं की नाही?

ताई, इंदूरला रामबागेतल्या घरी तुम्ही टोर ब्राउझरची (आपण कोण, कुठून पाहतोय हे साइटींपासून लपवणारा ब्राउझर) सुरक्षेची पातळी 'सेफेस्ट', म्हणजे सर्वांत कडक, केलीत आणि वीजबिलाचं पान कोरं दिसू लागलं, असं लिहिलंत. सेफेस्टवर सगळ्या साइटींची जावास्क्रिप्ट (पानातली बटणं-फॉर्म चालवणारा कोड) बंद होते, बिल भरायचा फॉर्म तिच्याशिवाय चालतच नाही. शिवाय टोरमधून तुमची विनंती तीन वेगवेगळ्या संगणकांच्या टप्प्यांनी जाते. शेवटचा टप्पा बहुधा परदेशात असतो आणि काही सरकारी साइटी परदेशी इंटरनेट पत्ता अडवतात.

पण मुळात बिल टोरवर भरूच नका. ग्राहक क्रमांक टाकलात की तुम्ही कोण हे वीज कंपनीला कळलंच, मग लपवलं काय? बँक आणि बिलं साध्या फायरफॉक्समध्ये करा. आजारपणाची, कोर्टकचेरीची माहिती शोधायची असेल तेव्हा टोर उघडा आणि तिथे जीमेलला चुकूनही लॉगिन करू नका.

रोजच्या वाचनाला 'सेफर' ही मधली पातळी पुरते. पातळी बदलल्यावर ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करा. एखादं पान अडलं किंवा 'तुम्ही रोबोट नाही ना' हे सारखं विचारू लागलं, तर कंट्रोल-शिफ्ट-एल दाबा: त्या साइटपुरता नवा मार्ग मिळतो. कंट्रोल-शिफ्ट-यू मात्र सगळे टॅब बंद करतं, अर्धवट भरलेला फॉर्म गेलाच समजा.

पानाभोवती राखाडी पट्टी दिसते तो बिघाड नव्हे. तुमच्या स्क्रीनचं नेमकं माप साइटला कळू नये म्हणून ती मुद्दाम असते. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकायचा मोह होईल, तो टाळा. त्यामुळेच तुम्ही बाकीच्या टोरवाल्यांपेक्षा वेगळ्या ओळखू येता.