आखातातली नोकरी: कंपनीची खोली घ्यावी की भत्ता रोख?

हिशेबनीस:
रत्नागिरी-रायगडहून आखातात निघालेले बहुतेक जण ऑफर लेटरमध्ये 'राहणं-जेवण कंपनीचं' एवढं वाचून निश्चिंत होतात. माझं मत उलट आहे. पर्याय असेल तर भत्ता रोख घ्यावा. कतारमध्ये मार्च 2021 पासून किमान मूळ पगार 1000 रियाल आहे. मालकाने सोय केली नाही तर राहण्याचे 500 आणि जेवणाचे 300 त्याला वेगळे द्यावे लागतात. म्हणजे ती 'फुकट' सोय महिना 800 रियालची पडते. त्यात मिळतो गावाबाहेरचा कॅम्प, म्हणजे कामगारांची वसाहत. साइट दीड तासावर असली की आठ तासांची ड्यूटी अकरा तासांची होते आणि प्रवासाचा ओव्हरटाइम सहसा कोणी देत नाही. माणूस खचतो तो अपुऱ्या झोपेने.

सेफ्टीवाला:
साफ असहमत. 500 रियालमध्ये दोह्यात स्वतंत्र खोली मिळत नाही, बेडस्पेस मिळते, म्हणजे अनेकांच्या खोलीत एका पलंगापुरती जागा. प्लायवूडचं पार्टिशन, खिडकी पलीकडच्या भागात, एकाच सॉकेटवर एक्स्टेन्शनला जोडलेली एक्स्टेन्शन. भाडेकरार तिसऱ्याच्याच नावावर, त्यामुळे तपासणी आली की सामान रस्त्यावर. दुबईत 2025 मध्ये अशा बेकायदा पार्टिशनवर मोहीम झाली, तेव्हा अडचण बेडस्पेसवाल्यांचीच झाली. यूएईत 50 किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीला 1500 दिरहमपेक्षा कमी पगाराच्या कामगारांची राहण्याची सोय करावीच लागते, माणशी किमान 3 चौरस मीटर जागा धरून. खोली कंपनीची असली तर तक्रार कोणाविरुद्ध करायची हे तरी ठरलेलं असतं.

हिशेबनीस:
कुवेतच्या मंगफमध्ये 12 जून 2024 ला जळालेली इमारत मालकानेच कामगारांना दिलेली होती. 40 हून अधिक भारतीय गेले. खोल्यांमधली पार्टिशन पेट घेणारी होती आणि गच्चीच्या दाराला कुलूप होतं, असं तपासात आलं. तेव्हा 'कंपनीची' म्हणजे सुरक्षित, हे मला मान्य नाही.

सेफ्टीवाला:
हे बरोबर, आणि म्हणूनच पहिल्या दिवशी बघायच्या गोष्टी सांगतो: गच्चीचं दार आतून किल्लीविना उघडतं का, जिन्यात सामान रचलंय का, गॅसचे सिलिंडर कुठे ठेवलेत, पार्टिशन कशाचं आहे. खोली वरच्या मजल्यावर मिळाली तर बाहेर पडायच्या दोन्ही वाटा चालून बघा.

भटारी:
तुम्ही दोघं जेवण विसरलात. मेसचा दुपारचा भात पहाटे दोन-तीनला शिजतो, चारला डब्यात बंद होतो आणि साइटवर बाराला उघडतो. शिजवूनही तगणारे जिवाणू त्या कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मग उलट्या, त्यावर उन्हात घाम. माझा सल्ला: खोली कंपनीची, जेवण आपलं. चौघांनी मिळून रात्री करावं, तासाभरात उथळ भांड्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवावं, सकाळी बर्फाच्या पेटीत न्यावं. भात शक्यतो रात्री, दुपारी चपाती-सुकी भाजी.

सेफ्टीवाला:
बारा तासांनी परतलेला माणूस स्वयंपाक करत नाही हो. रोख मिळालेला पैसा घरी जातो, पोटात जात नाही. तीनशेतले दोनशे गावी जातात आणि इथे खबूस (अरबी रोटी) आणि चहावर दिवस निघतो. हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

करारपत्र:
मधेच एक सांगतो. रोख घेताना मूळ पगार खाली ढकलला जातोय का ते बघा. यूएईत वर्षभर नोकरी झाली की ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी रक्कम) मूळ पगारावर निघते, पहिली पाच वर्षं दर वर्षी 21 दिवसांच्या पगाराइतकी. एकूण 1800 दिरहम, पण मूळ पगार 1000 असेल तर वर्षाला 700. तेच 1800 सगळे मूळ पगारात असते तर 1260. ओव्हरटाइमही मूळ पगारावरच. करारात मूळ पगार, राहणं आणि जेवण तीन वेगळ्या ओळींत लिहून घ्या. 'पॅकेज' असा एकच आकडा असेल तर सही करू नका.

हिशेबनीस:
भटारींचा मुद्दा मानतो, पण अंतरावर ठाम आहे. कतारमध्ये 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम बंद असतं. त्यामुळे काम पहाटे लवकर सुरू होतं आणि बस त्याच्याही आधी निघते. कॅम्प लांब असेल तर त्या साडेपाच तासांत खोलीवर जाता येत नाही, साइटवरच शेडखाली पडून राहावं लागतं. खोलीचा फोटो मागता, तसं कॅम्प ते साइट किती मिनिटं लागतात तेही एजंटला विचारा, आणि लेखी घ्या.