ओट्याखालच्या प्लायवर वेगळाच शिक्का, काय करावं?

ठाण्यात 22 वर्षं जुना टू बीएचके, स्वयंपाकघराचं काम डिझाइन टीमकडे दिलंय. कोटेशनमध्ये ओट्याखाली आयएस 710 प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, लिहिलंय. काल सुताराने कापायला घेतलेल्या शीटवर शिक्का मात्र आयएस 303 चा, म्हणजे सर्वसाधारण वापराच्या प्लायचा. डिझायनर म्हणतात, "बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तग धरणारा प्रकार) आहे, पाण्याला चालतं." सिंकखाली? जुन्या कपाटाचा तळ तिथेच फुगून पापडासारखा सुटला होता!

शिक्क्याचे फोटो पाठवले, तर उत्तर "साइटवर बोलू". 60 टक्के पैसे दिलेत. करारात माल बदलण्याबद्दल एक ओळ नाही. सोसायटीची परवानगी महिनाअखेरपर्यंतच, म्हणून टीम बदलणं शक्य नाही.

अनुभव असलेल्यांनी सांगा: फक्त सिंकखालचं कपाट 710 मध्ये करून घ्यावं, की सगळंच अडवून धरावं? आणि फरकाची रक्कम पुढच्या हप्त्यातून कापली तर काम थांबवतात का?