मदत हवी आहे: लिनक्सवर पेजमेकर उघडतो, पण मराठी टायपिंगचं डोंगल सापडत नाही

नमस्कार मंडळी,

नारायण पेठेत काकांचा छोटा छापखाना आहे. पुस्तकांची, दिवाळी अंकांची पानं इतकी वर्षं पेजमेकर ७ या विंडोजवरच्या जुन्या प्रोग्राममध्येच लावली जातात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले. तिथल्या कॉम्प्युटरला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, त्यामुळे विंडोज ११ रीतसर बसत नाही. तेवढ्यासाठी चालतं मशीन भंगारात घालणं मला पटत नाही, म्हणून काकांना विचारून लिनक्स मिंट टाकलं.

वाईनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पेजमेकर सुरू झाला. फॉन्ट टाकल्यावर जुन्या फायलीही नीट दिसल्या. अडलं ते टायपिंगपाशी. आमचे फॉन्ट युनिकोडचे (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांचे) नाहीत. त्यांच्या कीबोर्डचा प्रोग्राम वेगळा आहे आणि यूएसबी डोंगल (परवान्याची खूण असलेलं छोटं उपकरण) लावल्याशिवाय तो चालत नाही. वाईनमध्ये तो 'डोंगल सापडलं नाही' म्हणून बंद पडतो. लिनक्सला मात्र डोंगल दिसतंय.

युनिकोडमध्ये जा, असं बरेच जण सुचवतील. नवी कामं तशीच करणार आहोत. पण जुन्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत चार ओळीच बदलायच्या असतात. कन्व्हर्ट केलं की अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात, जोडाक्षरं कुठेकुठे फुटतात आणि अख्खं पुस्तक पुन्हा प्रूफाला काढावं लागतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या लेखकांना पुन्हा ते करायला लावणं जिवावर येतं.

वाईनमध्ये डोंगल चालवायची काही युक्ती आहे का? की व्हर्च्युअल मशीनच (लिनक्सच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) करावं? रॅम ४ जीबी आहे. विंडोज एक्सपीची मूळ सीडी आणि परवाना काकांनी जपून ठेवलाय.

प्रतिसाद १

डोंगलसाठी वाईनच्या मागे लागू नका. प्रोग्राम विंडोजकडे जे जे मागतो, ते वाईन लिनक्सकडून करवून घेतं. म्हणून तर ते इतकं हलकं आहे. पण डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) बसणारा असतो, आणि ते कर्नल वाईनमध्ये नसतंच.

व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्राममध्ये व्हर्च्युअल मशीन करून त्यात एक्सपी टाका. त्याला १ जीबी रॅम पुष्कळ झाली. आधी बायॉसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना ते बघा. मग लिनक्समधला तुमचा युजर 'व्हीबॉक्सयूजर्स' गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. हे राहिलं तर यूएसबीची यादी रिकामीच दिसते, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये यूएसबी १.१ निवडून डोंगलचं फिल्टर लावा, म्हणजे मशीन सुरू होताच ते एक्सपीकडे जाईल.

एक्सपीचं नेटवर्क मात्र बंदच ठेवा. २०१४ पासून त्याला नियमित सुरक्षा अपडेट नाहीत. फायलींची देवाणघेवाण शेअर्ड फोल्डरमधून करा.

धागाकर्ता

मनापासून आभार! गटाचीच अडचण होती. आता डोंगल दिसतं, कीबोर्ड चालतो, आणि काकांनी लगेच एका कवितासंग्रहाची दुरुस्ती करायला घेतली.

आता शेवटचं एक. छपाईच्या प्लेट करणाऱ्याला पीडीएफ द्यायची असते. एक्सपीत पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर घेऊन फाईलमध्ये प्रिंट केलं आणि लिनक्सवर घोस्टस्क्रिप्टने (पोस्टस्क्रिप्ट फाईलची पीडीएफ करणाऱ्या प्रोग्रामने) पीडीएफ केली. मजकूर बरोबर येतो, पण पानाचा आकार डेमीऐवजी (पुस्तकाच्या नेहमीच्या आकाराऐवजी) ए४ होतो. आकार पेजमेकरच्या प्रिंट खिडकीत बदलायचा की घोस्टस्क्रिप्टला सांगायचा?