पगार उशिरा आणि हप्ता वेळेवर, नॅच बाउन्सचे चार्जेस कसे थांबवायचे?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण बँकेत किंवा फायनान्समध्ये काम केलेलं कोणी असेल तर प्लीज पूर्ण वाचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. दोन हप्ते चालू आहेत. घराचं कर्ज पगार खातं असलेल्याच बँकेचं, ईएमआय ५ तारखेला. टू व्हीलरचं कर्ज एका फायनान्स कंपनीचं, तो हप्ता ४,२६० रुपये, ३ तारखेला नॅचने (बँक खात्यातून हप्ता आपोआप कापायची सोय) कटतो. आणि पगाराचं म्हणाल तर कागदावर १ तारीख, प्रत्यक्षात ग्रँट आली नाही, बिल ट्रेझरीत आहे, अमुक तालुक्याची बिलं राहिली म्हणून सगळ्यांचं थांबलंय, असं करत कधी ८ कधी १२ तारीख उजाडते. आमच्या हातात काहीच नसतं.

आता गाडीचा हप्ता बाउन्स झाला की बँक ५०० अधिक जीएसटी असे ५९० घेते आणि फायनान्स कंपनी तिचा बाउन्स चार्ज वेगळा लावते. एवढ्यावर थांबलं असतं तरी सहन केलं असतं. गेल्या महिन्यात ३ तारखेला बाउन्स झाला, खात्यात तेव्हा फारसं काहीच नव्हतं, म्हणून मी भावाकडून घेऊन ४,५०० टाकले, म्हटलं परत लावतील तेव्हा हप्ता तरी जाईल. तर बँकेने आधी आपले ५९० कापून घेतले, उरले ३,९१०, आणि दोन दिवसांनी हप्ता परत बाउन्स, परत ५९०. म्हणजे हप्त्यासाठी टाकलेल्या पैशातून दंड गेला आणि त्या दंडामुळेच पुढचा दंड लागला. हे कुठल्या हिशोबात बसतं?

वर वसुलीवाल्याचा फोन थेट आमच्या मुख्याध्यापकांना गेला. वर्गावर होतो, शिपाई बोलवायला आला, सगळ्या स्टाफसमोर तो विषय झाला. फोनवर म्हणे कलम २५ खाली केस होईल, नोकरी जाईल. घरी बायको अजून घाबरलेली आहे.

तर प्रश्न असे की हप्त्याची तारीख बदलून मिळते का, एकाच हप्त्यासाठी दोनदा चार्ज घेता येतो का, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, किती परिणाम होतो, आणि ते कलम २५ खरंच आहे का?


घाटमाथा:

सर, मी काही वर्षं एका फायनान्स कंपनीच्या वसुली विभागात बॅक ऑफिसला होतो त्यामुळे फाइल कशी जाते ते सांगतो. ३ तारखेचा हप्ता म्हणजे ३ तारखेला संध्याकाळपर्यंत पैसे टाकले तरी चालेल असा बऱ्याच जणांचा समज असतो, तसं नसतं. डेबिटची फाइल आधीच तयार होऊन गेलेली असते आणि बहुतेक वेळा सकाळीच खात्याला लागते. त्या क्षणी बॅलन्स नसेल तर रिटर्न, मग दुपारी पगार पडला तरी उपयोग नाही. म्हणून पैसे आदल्या दिवशी संध्याकाळी खात्यात पाहिजेत.

दुसरं म्हणजे पूर्वी रविवार किंवा सुट्टी आली की हप्ता पुढच्या कामाच्या दिवशी जायचा, एखादा दिवस मिळायचा. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच सगळे दिवस चालू झालं, रविवारीसुद्धा कटतो. ट्रेझरीचं बिल मात्र रविवारी हलत नाही. तुमच्यासारख्या लोकांना नेमका तिथेच फटका बसतो.

आणि एक, बाउन्स झाल्यावर कंपनी तेच मँडेट (खात्यातून हप्ता कापायला तुम्ही दिलेली परवानगी) परत लावते, कधी न सांगता. म्हणून बाउन्स झाला की त्याच दिवशी कंपनीला फोन आणि मेल दोन्ही करा की परत लावू नका, मी अ‍ॅपवरून किंवा यूपीआयने भरतो, आणि मगच भरा. तेसुद्धा बचत खात्यातून नको, कारण तिथे बँकेचा चार्ज आधी कापला जाणार. भावाने ४,५०० दिले तर भावाच्याच यूपीआयवरून लोन नंबर टाकून सरळ कर्ज खात्यात भरायचे. मग तुमच्या खात्यातले ५९० थकीत राहिले तरी हप्ता गेलेला असतो. रिसीटचा स्क्रीनशॉट ठेवाच.

पण ड्यू डेटच्या अगदी तोंडावर असं भरू नका, फाइल निघून गेलेली असेल तर तोच हप्ता खात्यातूनही कटतो आणि मग रिफंडसाठी मागे लागावं लागतं. चार-पाच दिवस आधी भरा, नाहीतर बाउन्स झाल्यावर भरा.


लालपरीवाले:

आमच्या एसटीत हा त्रास कोणाला नाही ते विचारा. माझ्या मिस्टरांच्या नावावरचा हप्ता ५ चा होता, पगार कधी १० कधी त्याच्याही पुढे, दर महिन्याला पासबुक भरून आणलं की नॅच रिटर्न, नॅच रिटर्न. शेवटी अर्ज देऊन तारीख १५ करून घेतली. आधी काउंटरवरच्या मुलाने सांगितलं की सिस्टममध्ये होत नाही, मग मॅनेजरना भेटलो, पगाराच्या एंट्रीवर पेनने खुणा केलेलं सहा महिन्यांचं स्टेटमेंट समोर ठेवलं, तेव्हा झालं. नवीन मँडेट सही करून द्यावं लागलं आणि मधल्या दहा दिवसांचं व्याज एकदा भरावं लागलं. तेवढं परवडलं हो, कारण दर महिन्याचे दोन्हीकडचे दंड वाचले.

सर, एक मात्र सांभाळा, नवीन मँडेट रजिस्टर झाल्याचा मेसेज येईपर्यंत जुनी तारीखच चालू राहते. त्या एका महिन्यात दोन्ही तारखांना पैसे तयार ठेवा.


निवृत्त_शाखाधिकारी:

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. सरांच्या प्रश्नांना नीट उत्तर देते कारण यात भीती घालणारे जास्त आणि समजावणारे कमी असतात.

आधी कलम २५. ते खरं आहे, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स अ‍ॅक्ट २००७ मधलं. चेक बाउन्सला जसं कलम १३८ आहे तसंच इलेक्ट्रॉनिक डेबिट पैशाअभावी परत गेलं तर हे लागू होतं, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड अशी तरतूद आहे. पण बाउन्स झाला की लगेच पोलीस असं काही नाही. बाउन्सची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यांनी लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर तुम्हाला १५ दिवस मिळतात, त्या मुदतीतही भरलं नाही तरच पुढे कोर्टात तक्रार. तुम्ही आठवड्याभरात हप्ता भरताय, तुमच्याबाबतीत तो प्रश्नच येत नाही. घरी पत्नीला हे वाचून दाखवा. नोटीस खरोखर आलीच तर मात्र दुर्लक्ष करायचं नाही.

मुख्याध्यापकांना फोन केला त्याचा मला फार राग आला. वसुलीसाठी धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांना, ओळखीच्यांना त्रास द्यायचा नाही, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हे आरबीआयने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट लिहून दिलंय आणि ते फायनान्स कंपन्यांनाही लागू आहे. कॉलची तारीख, वेळ, नंबर लिहून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. मुख्याध्यापकांना विनंती करा की त्यांनीही दोन ओळी लेखी द्याव्यात.

आता चार्जेस. बँकेचा रिटर्न चार्ज आणि कंपनीचा बाउन्स चार्ज या दोन वेगळ्या संस्थांच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही घेता येतात. पण कंपनीने काय आणि किती घ्यायचं हे करारात असायला हवं. आरबीआयच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडाचं व्याज बंद केलं, आता दंड फक्त पीनल चार्ज म्हणून घ्यायचा आणि त्यावर पुढे व्याज चढवायचं नाही. नवीन कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, जुन्या कर्जांना ३० जून २०२४ पर्यंत लागू करायला सांगितलं होतं. तुमचं कर्ज १ ऑक्टोबर २०२४ ला किंवा नंतर मंजूर झालेलं असेल तर की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा, सगळे चार्जेस लिहिलेला कागद मिळालेला असणार, त्यात नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तो कागद आणि कर्जाचं पूर्ण स्टेटमेंट शेजारी ठेवून एकेक ओळ तपासा.

एकाच हप्त्यासाठी दोनदा म्हणाल तर, मँडेट दोनदा लावलं आणि दोनदा परत गेलं तर बँकेच्या सिस्टमने दोनदा चार्ज लागतो. तरी शाखेत जाऊन मागा. मी स्वतः शाखेत असताना असे चार्जेस परत दिलेत. पगार उशिरा आल्याचं स्टेटमेंट दाखवा, हप्ता नंतर भरल्याची रिसीट दाखवा, निदान दुसरा तरी परत द्या म्हणा. तोंडी नको, अर्ज द्या. बरेच जण काउंटरवर वाद घालून परत येतात आणि कागद एकही देत नाहीत, मग पुढे तक्रार करायला हातात काही राहत नाही.

घराचा हप्ता त्याच बँकेत आहे म्हणजे तो बहुधा नॅचने नाही, स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने, म्हणजे बँकेला दिलेल्या कायमच्या सूचनेने जातो. तिथे तारीख बदलणं तुलनेने सोपं आणि पैसे जमा होतील तसे वळते होतात. त्यामुळे आधी गाडीच्या हप्त्याच्या मागे लागा.


पाटीपेन्सिल:

मॅडम, मनापासून आभार, कलम २५ चं वाचून खूप हलकं वाटलं, घरीही वाचून दाखवलं. घाटमाथा दादा, भावाच्या यूपीआयवरून भरायचं हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्या शिक्षक पतसंस्थेचं कर्ज असलेल्या सहकाऱ्यांना यातलं काहीच सोसावं लागत नाही कारण त्यांचा हप्ता पगारातूनच कापून जातो, पगार उशिरा तर हप्ताही उशिरा.

दोन गोष्टी राहिल्या. सिबिल, आणि कंपनीने तारीख बदलायला नकार दिला तर?


निवृत्त_शाखाधिकारी:

सिबिलला बाउन्स म्हणून वेगळी नोंद जात नाही, किती दिवस थकलं ते जातं. पण जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना ही माहिती महिन्यातून निदान दोनदा पाठवायची असते. म्हणून हप्ता लवकरात लवकर भरून टाकणं महत्त्वाचं, पगार १२ ला आला तर १२ लाच भरा, शनिवार-रविवार बघत बसू नका. आणि नुसता हप्ता नाही, बाउन्स चार्ज बाकी आहे का तेही स्टेटमेंटमध्ये बघा. काही ठिकाणी भरलेल्या पैशातून आधी चार्ज वळता करतात आणि हप्त्यात तेवढी तूट दिसत राहते.

तारीख बदलणं हा तुमचा हक्क आहे असं मी म्हणणार नाही, ते कंपनीच्या धोरणावर असतं, ५, ७, १०, १५ अशा त्यांच्या ठरलेल्या तारखा असतात. पण अर्ज दिल्यावर लेखी उत्तर मागा. चार्जेस आणि फोनच्या तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करा, फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे, मराठीतही बोलतात. फायनान्स कंपनी त्या योजनेत येते का ते आधी बघा, सगळ्या येत नाहीत.


घाटमाथा:

मॅडमच्या म्हणण्यात एक जोडतो. तारीख मागताना १० मागू नका सर, तुमचा पगार १२ लाही येतो म्हणताय, तर १५ च मागा. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्का नाही म्हणाले तर तिथेच उभं राहून तोच अर्ज फोटो काढून कंपनीच्या मेलवर पाठवा, उत्तरात जो तक्रार नंबर येतो तो जपून ठेवा.


लालपरीवाले:

आणि मँडेटवर जी रक्कम असते ना ती जास्तीत जास्त मर्यादा असते, आमच्याकडे कंपनीने हप्त्याच्या दुप्पट लिहून आणली होती. सही करायच्या आधी तो आकडा आणि शेवटची तारीख वाचा, कोरा फॉर्म असेल तर स्वतः भरून मगच सही करा.